दुसरा निरीक्षक

मुलं माझ्या पाठीमागे मला दुर्बीण म्हणतात. मला ते माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं रिपोर्ट तपासतेय की शिजवलेला आकडा मला लांबून कळतो. मेले आधी उत्तर बघतात, मग उलटं चालत येऊन रीडिंग बनवतात, आणि आलेख काढतात तो असा गुळगुळीत की बघतच राहावं. अरे, पाणी आहे ते! हलतं, फुगतं, काचेला चिकटतं. खरं रीडिंग थोडं तरी वेडंवाकडं येणारच. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम करून टाकला. प्रत्येक प्रयोग दोघांनी करायचा, प्रत्येक आकडा दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकमेकांच्या कागदात न डोकावता लिहायचा. रिपोर्टात दोन रकाने. ज्याने बघितलं त्याचंच नाव रकान्याच्या डोक्यावर. एक रकाना जरी रिकामा दिसला तर रिपोर्ट परत, मला कारणं सांगायला यायचं नाही.

माझी मुलगी याच वर्गात शिकत होती. घरी आम्ही तिला बारकी म्हणायचो, कारण अंगाने बारकी आणि उंचीने त्याहून. तिचं कपाळ माझ्या ओठांशी यायचं, आणि मी स्वतः काही ताडमाड नाही. प्रयोगशाळेत ती मला मॅडम म्हणायची, तेही इतक्या अदबीने की मागची पोरं खिदळायची. "मॅडम, जरा इकडे येण्याची कृपा करता का?" घरी गेल्यावर हीच कार्टी पाय पसरून सांगायची, "आई, आज तू काय डोकं खाल्लंस गं सगळ्यांचं!"

तिचा जोडीदार होता वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याचं नाव तिने पहिल्याच आठवड्यात खांब ठेवलं आणि ते सगळ्या वर्गाने उचललं. शांत, घामट हातांचा, बोलताना बुटांकडे बघणारा मुलगा. दोघं सतत भांडायची. त्यांच्यात आणखी काही होतं का, हे मी तिला एकदा सरळ विचारलंही होतं. "आई, त्याच्याशी प्रेमाचं बोलायचं तर शिडी लागेल," असं म्हणून ती निघून गेली, म्हणजे उत्तर काही दिलं नाहीच.

त्यांच्या प्रयोगांची टाकी एकच. माणसापेक्षा उंच लोखंडी टाकी, तळाशी भोक, आणि शेजारी उभी काचेची नळी. टाकीत जेवढं पाणी तेवढंच नळीत चढतं, आणि नळीच्या मागे बोटभर अंतरावर मापाची पट्टी असते, तिच्यावर उंची वाचायची. भोक उघडलं की पाणी उतरत जातं, मुलं ठरावीक वेळेला आकडे टिपत जातात. दर आठवड्याला भोकाची तबकडी बदलायची, गोल, चौकोनी, तोटीची, आणि पुन्हा तेच. आता यात गोम एवढीच की डोळा पाण्याच्या बरोबर पातळीत हवा. खालून बघितलं तर पाणी मागच्या पट्टीवर असतं त्यापेक्षा वर दिसतं, वरून बघितलं तर खाली. खांब गुणी होता, पाण्याबरोबर डोळा खाली खाली आणायचा. आमची बारकी? स्टूल घे म्हटलं की नाक वर. वाक म्हटलं तर कान बंद. एकदा जिथे उभी राहिली तिथून हलायची नाही. त्यामुळे टाकी भरलेली असताना तिचा आकडा खांबापेक्षा नेहमी थोडा जास्त. मी लाल गोल काढून शेरा मारायचे, डोळा पातळीत आणा. ती म्हणायची, "मॅडम, पाणी माझ्यापेक्षा उंच आहे, त्यात माझा काय दोष?"

सत्राच्या मध्यावर ती आजारी पडली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली, आणि आठवडा सरायच्या आत ती गेली. डॉक्टरांनी रक्तात काय झालं त्याचं नाव सांगितलं. मला ते नाव नीट म्हणता येत नाही आणि म्हणायचंही नाही.

मी पुन्हा कामावर रुजू झाले ती घरात बसवेना म्हणून. नवरा छापखान्यात परत जायला लागला होता, आणि रिकाम्या घरात पंख्याचा आवाज ऐकत बसायची माझी हिंमत नव्हती. टेबलावर मी नसतानाच्या आठवड्यांचे रिपोर्ट साचले होते. म्हटलं, बरं झालं, डोकं कशात तरी घालू. ती आजारी पडायच्या आधीचे सगळे रिपोर्ट मी तपासून, सही करून परत दिलेत अशी माझी खात्री होती, म्हणजे या ढिगात तिचं काही निघायचं नाही, निदान तेवढ्यापुरती मी सुरक्षित होते.

खांबाचे रिपोर्ट हातात आले. पहिला उघडला. पहिला रकाना त्याचा. दुसऱ्या रकान्यावर माझ्या मुलीचं नाव, आणि खाली ओळीने आकडे.

मग असा राग आला, असा राग आला की कान तापले. म्हटलं, निर्लज्ज! जोडीदार गेली, नवा जोडीदार मागायचा सोडून हा तिच्या नावाने आकडे शिजवतोय, आणि ते तपासायला कुणाकडे पाठवतोय, तर तिच्या आईकडे. दुसरा रिपोर्ट, तिसरा, सगळीकडे तेच. लाल पेन उघडलं. पण हात तसाच राहिला, कारण माझी नजर आकड्यांवर गेली होती. वरच्या आकड्यांत ती खांबापेक्षा थोडी जास्त होती. तिचा तो नेहमीचा हट्टी जास्तीपणा.

मी पेन बंद केलं. सही केली नाही, शेराही मारला नाही. रिपोर्ट खणात ठेवले आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात नवा रिपोर्ट आला. तो घेऊन खांब टेबलापाशी उभा राहिला, मी काही बोलेन म्हणून वाट बघितली आणि गेला. मी काहीच बोलले नाही. खरं सांगायचं तर मला बोलायचं नव्हतं. बोलले असते तर तो थांबला असता, म्हणून त्याच्या प्रयोगाच्या वेळी मी टाकीकडे फिरकायचेही नाही. त्याच्या रिपोर्टाची वाट मी आदल्या दिवसापासून बघायचे, आणि हाती आला की पहिला रकाना झाकून फक्त दुसरा वाचायचे. मेलेल्या मुलीचं कुणी काय काय जपतं, कपडे, फोटो, केसांचा चाप. मला दर आठवड्याला तिची ताजी चूक मिळत होती.

पण दुर्बीण ती दुर्बीणच. डोक्यात किडा वळवळायला लागला. शिजवलंय तर कसं शिजवलंय? खोटारडा विद्यार्थी काय करतो ते मला पाठ आहे. मूळ आकड्यात थोडं थोडं मिळवतो, कुठे एक घातला, कुठे दोन, झालं. इथे तसं नव्हतं. पाणी वर असताना फरक जास्त, पाणी उतरेल तसा फरक कमी, मग एका जागी दोघांचा आकडा अगदी सारखा, आणि त्याच्याखाली बारकीचा आकडा उलटा कमी. म्हणजे खरोखर कुणीतरी एका जागी डोळा ठेवून, तो न हलवता, उतरतं पाणी बघत होतं.

मधल्या एका आठवड्यात नळी गळत होती म्हणून उंची दाखवायला मीच आकडे उजळणारी पेटी जोडून दिली होती. पेटीवरचा आकडा वरून बघा, खालून बघा, सारखाच. त्या रिपोर्टात दोन्ही रकाने तंतोतंत एक. खोटं लिहिणाऱ्याने सवयीने तिथेही थोडं मिळवलं असतं की नाही? नाही मिळवलं. शिजवलेलं पकडायचं तर मला जन्मभराची सवय, पण हे शिजवलेलं नव्हतं, आणि मग हे होतं तरी काय?

मी घरी आलेख कागद काढला. आडव्या बाजूला पाण्याची उंची, उभ्या बाजूला दोघांतला फरक. पेटीवरचा रिपोर्ट बाजूला ठेवला आणि खणातल्या बाकी सगळ्या रिपोर्टांतले बिंदू एकाच कागदावर मांडले. एका रेषेत आले सगळे. किंचित वेडेवाकडे, म्हणजे खरे. आणि ती रेषा शून्याला जिथे कापत होती, ती उंची मी वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळा उघडल्या उघडल्या मी टाकीजवळ गेले आणि ती उंची पट्टीवर शोधली. सरळ उभी राहिले. खूण माझ्या ओठांच्या जरा खाली आली. माझ्या पुढ्यात ती उभी असती तर तिचे डोळे तिथे आले असते. आणि मी, जी भूतबाधेच्या गोष्टींना हसते, ती मी त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "अगं, आहेस का तू?" पंपाखेरीज कशाचा आवाज नव्हता.

नवऱ्याला दाखवला तो आलेख. त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "मला यातलं कळत नाही," तो म्हणाला, "पण तू जरा झोपत जा." मी चिडले, काय काय बोलले. तो जेवत राहिला. मात्र पुढच्या आठवड्यात मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्याने विचारलं, "आज आला का गं रिपोर्ट?" मी हो म्हटलं. "आहे ना ती त्यात?" त्याने विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हटलं, आणि आम्ही दोघं जरा बऱ्या मनाने जेवलो.

असं चाललं असतं किती दिवस कोण जाणे. पण सत्र संपत आलं आणि विभागप्रमुखांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, फक्त प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. त्यांच्या कानावर गेलं होतं.

"तुमची मुलगी होती म्हणून इतके दिवस मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "पण गेलेल्या विद्यार्थिनीच्या नावाने रीडिंग येतायत. बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी हे बघितलं तर तुम्ही काय सांगणार?"

मी काय सांगणार? त्यांनी पुन्हा घसा साफ केला.

"एक तर रिपोर्ट बनावट आहेत असा शेरा मारा. मग त्याचं सत्रकाम रद्द होईल, वर्ष जाईल, नियमच आहे तो. नाहीतर खरे आहेत म्हणून सही करा, आणि मला पटवा ते खरे कसे. उद्या सबमिशन आहे."

"उद्या कळवते," मी म्हटलं.

"कसंही करा, पण खोट्यावर सही करू नका," ते म्हणाले. "तुम्ही तर करूच नका."

त्या दुपारी खांबाचा शेवटचा प्रयोग होता. बाकीची मुलं आटोपून गेली होती. मी चहाला जाते असं सांगून बाहेर पडले आणि मागच्या दाराशी येऊन थांबले, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला काच आहे. चोरासारखं बघायला लाज वाटत होती. आणि खरं सांगू, भीतीही वाटत होती. त्याच्याशेजारी कुणी दिसेल याची भीती, आणि कुणीच दिसणार नाही याचीही.

टाकी भरलेली होती. खांबाने भोक उघडलं, घड्याळ बघितलं, टाच उचलून डोळा पाण्याच्या पातळीत नेला आणि आकडा टिपला. मग एक पाऊल डावीकडे सरकला. गुडघ्यात वाकला, पाय फाकवले, पाठ वाकवली, एवढं लांबलचक शरीर घडी घालून लहान लहान करत नेलं, आणि नळीच्या चौकटीला एक आडवी लोखंडी पट्टी आहे तिच्यावर हनुवटी टेकली. तिथून वर बघितलं. दुसऱ्या रकान्यात आकडा लिहिला.

"बघ, परत जास्त," तो मोठ्याने म्हणाला. मग जरा थांबून, "हो हो, पाणीच उंच आहे, तुझा काय दोष."

एवढंच होतं होय? एका पोराचे वाकवलेले गुडघे? मला हायसं वाटायला हवं होतं, माझं डोकं ठिकाणावर होतं, रेषा का आली ते कळलं होतं. पण मला हायसं वाटलं नाही. मला वाटलं, ती पुन्हा गेली. या वेळी दवाखानाही नव्हता, काहीच नव्हतं. दार ढकलून मी आत गेले ती सरळ त्याच्या अंगावरच.

"हे काय चालवलंयस?"

तो धडपडत उभा राहिला. कपाळ चौकटीवर आपटलं. "मॅडम, मी... खोटं नाही लिहिलं मॅडम. एकही आकडा बनवला नाही. सगळे बघून लिहिलेत."

"तिचं नाव घालून?"

"तिच्या जागेवरून बघितले." त्याने बुटांकडे बघायचं सोडलं होतं. "ती तिथे हनुवटी टेकायची. तुम्हाला टेबलावरून दिसायचं नाही, तिची पाठ असायची तुमच्याकडे. म्हणायची, इथे मान दुखत नाही. मला माहीत होतं तिचा डोळा कुठे असतो ते."

"आणि कशाला हे? मला छळायला?"

"रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं तुम्हीच सांगितलंय." त्याने आपटलेलं कपाळ चोळलं. "नवा जोडीदार नको होता मला. पहिल्या दिवशी एकट्याने वाचलं तर आकड्यावर विश्वासच बसेना. ती तिथून काय वाचेल ते बघावं वाटलं. बघितलं. मग दर वेळी बघावंसं वाटायला लागलं. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं, पण तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून मी म्हटलं, चालतंय."

मी बसले तिथल्याच बाकावर. तो उभाच. टाकीतलं पाणी आपलं उतरत होतं, कुणी वाचत नव्हतं.

"उद्या सबमिशन आहे," शेवटी मी म्हटलं. "हे असं दिलं तर तुझं वर्ष जाईल. विभागप्रमुखांनी सांगितलंय."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय जाऊ दे? शहाणाच आहेस! तुझ्या आईबापांनी काय गुन्हा केलाय?" राग पुन्हा आला, आणि बरं झालं आला, रागात मला सुचतं. "ऐक. आकडे खरे आहेत ना? मग आकडे राहू देत. खोटं काय आहे, तर फक्त डोक्यावरचं नाव. ते काढायचं. तिथे लिहायचं, तोच निरीक्षक, हनुवटी आडव्या पट्टीवर, डोळा स्थिर. आणि त्रुटींच्या परिच्छेदात लिहायचं की निरीक्षकाचा डोळा एका जागी ठेवला तर रीडिंग किती चुकतं हे मुद्दाम तपासलं. आलेख मी देते, काढून ठेवलाय. असा रिपोर्ट या वर्गात कुणी दिला नसेल. यावर मी सही करीन आणि कुणाच्या बापाला भिणार नाही."

त्याने ऐकून घेतलं. मी खणातून गठ्ठा आणला, लाल पेन त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उचललं नाही.

"परिच्छेद लिहितो," तो म्हणाला. "नाव मी नाही खोडणार मॅडम. पाय धरतो, मला सांगू नका."

"मग कोण खोडणार? मी?"

त्याने कोरा कागद उचलला.

मीच खोडणार होते, दुसरं कोण होतं? तो समोरच्या बाकावर जाऊन परिच्छेद लिहायला बसला. मी पहिला रिपोर्ट ओढला. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर तिचं नाव. तिचं नाव आम्ही दोघांनी मिळून ठेवलं होतं, नवऱ्याला एक हवं होतं, मला दुसरं, आठवडाभर अबोला झाला होता त्यावरून. एक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, तोच निरीक्षक. पुढचा रिपोर्ट. रेघ. पुढचा. मला कळून चुकलं की मध्ये थांबले तर पुढे जमायचं नाही, म्हणून मी भराभर हात चालवला. फक्त रकान्याचं डोकं बघायचं, बाकी पान बघायचंच नाही. शाईला वास होता. नाव, रेघ. नाव, रेघ. डोळ्यांतून पाणी येत होतं ते येऊ दिलं. मनात म्हणत होते, हे तिचं नव्हेच, हे वाकलेल्या पोराचं आहे, तिला कुठे खोडतेय मी, तिने यातलं काही लिहिलंच नाही. त्या आधाराने हात चालत होता.

शेवटच्या रिपोर्टाच्या नावावर रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं, तेवढ्यात खांब उठून आला. परिच्छेद लिहून झाला होता. त्याने माझ्यापुढचं पान बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम, हा नको होता."

"का?"

"हा तिचा आहे."

"तिचा म्हणजे?"

"तिनेच वाचलेला. ताप यायच्या आधी आम्ही दोघांनी केलेला प्रयोग. रिपोर्ट लिहायचा राहिला होता, तो मी नंतर लिहिला. रीडिंग तिची आहेत. खरी."

मी ते पान उचललं. खांबाच्या अक्षरातला रकाना. वर थोडे जास्त आकडे, खाली थोडे कमी, मधे एके ठिकाणी सारखे. त्याच्याशेजारी दुसरं पान ठेवलं, वाकलेल्या गुडघ्यांचं. वर थोडे जास्त, खाली थोडे कमी, मधे सारखे. मी एकेक ओळ बोटाने लावून बघितली. काहीतरी असेलच ना. माझी पोटची पोर. एका आकड्यात तरी ती वेगळी दिसेल. मी पुन्हा वरून सुरुवात केली. दुर्बीण म्हणतात मला, आणि माझ्या मुलीने वाचलेलं शेवटचं पाणी कुठलं, ते मला तिच्या नावावर रेघ मारतानाही कळलं नव्हतं, आणि आता सांगितल्यावरही दिसत नव्हतं.

"मला ओळखताच आलं नाही रे," मी म्हटलं. "तू कसं ओळखलंस? सांग ना. कशावरून कळलं तुला?"

त्याने पानाच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"मलाही नाही ओळखता येत, मॅडम," तो म्हणाला. "मी तारीख बघितली."